फट करवतीची की हवेची?

प्रश्न : मी हौशी माणूस आहे, सुतार नव्हे. मागच्या ऑगस्टमध्ये, भाऊबीजेला बहिणीला द्यायची म्हणून सागवानाची एक पेटी केली. लांबी ३०० मिलिमीटर, रुंदी २००, उंची ११०. फळी १२ मिलिमीटर जाडीची. कोपरे डव्हटेलचे. तळाला सागवानाचीच अख्खी फळी चारही बाजूंच्या आत घट्ट ठोकून बसवली आणि कडेने फेविकॉल लावला. एका कोपऱ्यात करवत भरकटली होती, तिथे भुसा आणि फेविकॉल कालवून भरला. पॉलिश केल्यावर तेवढाच भाग काळपट दिसू लागला. बहीण अकोल्याला असते. एप्रिलमध्ये तिने फोटो पाठवला : आणखी दोन कोपऱ्यांत केसाएवढ्या फटी, आणि तळाच्या एका लांब कडेला चांगली दोन मिलिमीटरची फट. पेटी चिपळूणला असताना यातले काही नव्हते. फटी कशाने भरू? आणि मुळात पडल्या कशा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहिणीला आजच फोन करून सांगा, की कुणी कितीही आग्रह केला तरी तूर्त त्या फटींत काही भरायचे नाही. तुमच्या पेटीत चार फटी आहेत असे तुम्ही म्हणता. माझ्या मते तीन जातींच्या फटी आहेत. एक करवतीने पाडली, एक हवेने पाडली, आणि तिसरी तुम्ही तळ ज्या पद्धतीने बसवलात तिने पाडली. पहिली भरायची, दुसरीची वाट पाहायची आणि तिसरी भरली तर पेटी मोडायची.

सुरुवात तिसरीपासून करू, कारण धोका तिथे आहे.

लाकूड झाड असताना पाणी वाहत असते, आणि फळी झाल्यावरही हवेतला ओलावा घेणे-सोडणे थांबवत नाही. कोकणात ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १६ ते १८ टक्के ओलावा मुरतो. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा इतकी कोरडी असते, की तेच लाकूड हळूहळू सहा-सात टक्क्यांवर येते. म्हणजे तुमच्या पेटीने दहाएक टक्के ओलावा गमावला. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही. ३०० मिलिमीटरची बाजू अकोल्यातही ३०० च राहते. रुंदीचे तसे नाही. सागवान पूर्ण ओल्या अवस्थेपासून भट्टीत कोरडे होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के. इतर पुष्कळ लाकडांपेक्षा हे कमी आहे, म्हणून तर सागवानाचे नाव आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. तुमच्या तळाच्या फळीवर डोंगररांगेसारख्या कमानी दिसत असतील, तर २०० मिलिमीटर रुंदीत दहा टक्के ओलावा गेल्यावर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आकुंचन होते. नुसत्या सरळ समांतर रेघा असतील तर त्याच्या निम्म्याने.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. आखूड बाजूंची लांबी २०० मिलिमीटर, ती जागची हलली नाही. त्यांच्यामध्ये अडकलेला तळ मात्र दोन-तीन मिलिमीटर अरुंद झाला. एका कडेचा गोंद सुटला आणि फट दिसली. हे तुमचे नशीब म्हणायचे. दोन्ही कडांनी गोंद धरून ठेवला असता तर तळ मधोमध उभा चिरला असता.

ती दोन मिलिमीटर फट आज पाचर ठोकून भरली तर जुलैत काय होईल? अकोल्यातही पावसाळा येतोच. तळ पुन्हा फुगेल, त्याला परत जायची जागा तुम्ही बुजवलेली असेल, आणि तो दोन्ही लांब बाजूंना बाहेर रेटू लागेल. फुगणाऱ्या लाकडाचा जोर दांडगा असतो. पूर्वी खाणीत दगड फोडण्यासाठी छिद्रांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतत. तुमच्या डव्हटेलची त्या जोरापुढे काय कथा.

तेव्हा तळ सोडवायचा. एका कडेने तो सुटलेलाच आहे. आखूड बाजूंना फळीचा आडवा काप चिकटवलेला असतो आणि तो जोड मुळातच कच्चा असतो, पातळ पाते घालून हलक्या हाताने उकलला की निघतो. राहिलेल्या कडेला कोमट इस्त्री फडक्यावरून फिरवा, पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. मग तळाच्या दोन्ही लांब कडांवर किंचित रंधा मारा. एप्रिलमध्ये बसवणार असाल तर दोन्ही कडांना मिळून चार मिलिमीटर मोकळीक हवी, कारण या दिवसांत फळी तिच्या सर्वांत अरुंद मापावर असते. ऑगस्टमध्ये बसवणार असाल तर मिलिमीटरभर पुरते. पेटी जोडून झालेली असल्याने आतून खोबण पाडणे आता जमणार नाही. त्याऐवजी चारही बाजूंना आतून दोन बारीक पट्ट्या लावा, एक तळाखाली आणि एक तळावर. दोन पट्ट्यांमधली जागा हीच खोबण. पट्ट्या बाजूंना चिकटवायच्या, तळाला नाही. तळ फक्त आखूड बाजूंच्या मध्यावर एकेका छोट्या स्क्रूने धरा, म्हणजे तो दोन्हीकडे सारखा हलेल. आणि बसवण्याआधी तळाच्या कडांनाही पॉलिश करा. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फळी आकसली की पट्टीखालून कोऱ्या लाकडाची फिकट रेघ डोकावते.

यात नवे काही नाही. जुन्या वाड्यांचे दिलेदार दरवाजे पाहा. मधला दिला चौकटीच्या खोबणीत नुसता सरकवलेला असतो. त्याला ना खिळा, ना सरस. चार महिने तो फुगतो, आठ महिने आकसतो, आणि चौकटीला त्याचा पत्ता लागत नाही. एवढी खटपट नको असेल तर चार मिलिमीटरच्या प्लायवूडचा तळ घाला. प्लायमध्ये थर एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे तो जागचा हलत नाही आणि चारही बाजूंनी बिनधास्त चिकटवता येतो. अस्सल सागवानाच्या पेटीला प्लायचा तळ म्हणजे कमीपणा, असे मानणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही.

आता कोपऱ्यांतल्या केसाएवढ्या फटी. तुमच्या डव्हटेलमध्ये दोन्ही फळ्यांची रुंदी पेटीच्या उंचीच्या दिशेने आहे, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने आकसतात. दोन्ही फळ्या एकाच जातीच्या चिरणीच्या असत्या तर सांधा जसाच्या तसा राहिला असता. पण एक कमानींची आणि एक सरळ रेघांची असेल तर पहिली जवळजवळ दुप्पट आकसते. ११० मिलिमीटर उंचीत दोघींमध्ये सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो चार-पाच दातांमध्ये वाटला गेला की प्रत्येक दातापाशी केसाएवढी रेघ दिसते. शिवाय आडव्या कापातून ओलावा फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने निघून जातो. कोपऱ्यावर दिसणारी दातांची डोकी म्हणजे आडवा कापच. ती बाकीच्या पेटीआधी सुकतात आणि काही आठवडे जास्तच बारीक झालेली असतात. उरलेली फळी त्यांना गाठते तेव्हा निम्म्या रेघा आपोआप मिटतात.

फट हवेची आहे की हाताची, हे ओळखायला भिंग पुरे. करवतीची फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असते, कडा खरबरीत असतात आणि पॉलिश आतपर्यंत उतरलेले असते, कारण पॉलिश करताना ती तिथे होतीच. हवेची फट बहुधा सारख्या रुंदीची असते. पॉलिशचा थर तिच्या ओठाशी तुटलेला दिसतो आणि आत कोरे, फिकट लाकूड असते. फोटोतून हे कळणार नाही, बहिणीला बघायला सांगा. त्यानंतर साध्या छपाईच्या कागदाचा तुकडा फटीत घालून पाहायचा. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. कागद जात नसेल तर ऑगस्टपर्यंत विसरून जा. व्हिजिटिंग कार्ड जात असेल, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या पुढे, तर नोंद करून ठेवा आणि पावसाळ्यात पुन्हा मोजा. त्यापेक्षा महत्त्वाची परीक्षा म्हणजे दोन बाजू हातांनी धरून पेटी हलकेच पिळून पाहणे. सांधा कुरकुरला किंवा फट उघडझाप करू लागली तर गोंद सुटला आहे, आणि मग ऋतूची वाट पाहण्यात अर्थ नाही. सांधा उकलून, जुना गोंद खरवडून पुन्हा चिकटवावा लागेल. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही, जुन्या थराने लाकडाची रंध्रे बुजवलेली असतात. सागवानात नैसर्गिक तेल असते ते वेगळेच, म्हणून चिकटवण्याच्या काही मिनिटे आधी सांधा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा.

पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात पुन्हा उघडणाऱ्या रेघेला मेण हा उत्तम इलाज. मधमाशीच्या मेणात गेरू आणि चिमूटभर काजळी घालून सागवानाशी रंग जुळवा, नखाने किंवा लाकडी काडीने फटीत दाबा, वरचे पुसून टाका. मेण मऊ असते. फट मिटू लागली की ते वर येते, लाकडाला अडवत नाही. पण पॉलिश पूर्ण झाल्यावरच मेण भरायचे, कारण मेणावर कुठलेही पॉलिश बसत नाही. मेण वितळते ६२ ते ६४ अंशांना, त्यामुळे अकोल्याच्या उन्हाळ्यात घरात काही बिघडणार नाही. बंद गाडीच्या काचेमागे पेटी ठेवू नये, इतकेच.

राहिला तुमचा तो काळपट कोपरा. भुसा आणि फेविकॉल हा आपल्याकडचा सार्वत्रिक सल्ला आहे आणि प्लायच्या कपाटात, जिथे वरून सनमायका लागणार आहे, तिथे तो पुरतोही. पॉलिश होणाऱ्या लाकडावर तो का फसतो? अखंड लाकडात तंतू एका दिशेने झोपलेले असतात आणि उजेड त्यांच्यावरून परावर्तित होतो. ती सागवानाची झळाळी. भुशात तेच तंतू तुकडे होऊन वाटेल तसे पडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा गोंदाने भिजून कायमचा ओला दिसतो. त्यातून उजेड परत येत नाही. वर रंग दिला तर गोंदाने बंद झालेल्या त्या भागात तो शिरत नाही, म्हणजे रंगवलेल्या लाकडावर तोच डाग उलट फिकट दिसतो. शिवाय पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते उडाले की भराव आकसून खाली बसतो. दोष गोंदाचा नाही. दोन सपाट पृष्ठभाग दाबून धरायला तो केलेला आहे, खड्डा भरायला नाही.

करवतीची फट लाकडानेच भरावी. कोमट पाणी आणि व्हिनेगरचे बोळे अर्धा तास ठेवून जुना भराव मऊ करा आणि टोकदार सुरीने काढून टाका. त्या कोपऱ्याचे पॉलिश या भानगडीत जाईल, ते नंतर पुन्हा करावे लागणार हे धरून चला. आता निमुळत्या, खरबरीत फटीत नेमकी बसेल अशी कपची घडवणे फार कठीण असते. त्यापेक्षा बारीक दातांची करवत त्याच फटीतून एकदा चालवा आणि फट किंचित मोठी पण सारख्या रुंदीची करून घ्या. चूक दुरुस्त करायला आधी ती वाढवायची, याला मन तयार होत नाही; पण या कामाची सगळी सफाई त्या एका कापात आहे.

कपची त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून काढा. तुकडा फेकला नसेल अशी आशा करतो. रेघांची दिशा इथे निर्णायक आहे. डव्हटेलमधली फट एका बाजूने आडव्या कापाला आणि दुसऱ्या बाजूने उभ्या रेघांना लागून असते. आडवा काप पॉलिश जास्त पितो, म्हणून तो गडद दिसतो. कपचीचाही आडवा कापच बाहेरून दिसेल अशी ती बसवा. मग ती शेजारच्या दाताचा भाग होऊन जाते आणि डोळा फसतो. उलट बसवली तर गडद दाताशेजारी फिकट रेघ उठून दिसते. कपची फटीपेक्षा नखभर जाड ठेवायची, गुळगुळीत लोखंडावर ठेवून हातोडीने हलकेच ठोकून दाबायची, म्हणजे ती सहज आत जाते. गोंदातले पाणी लागले की दबलेले तंतू पुन्हा फुगतात आणि कपची फटीत घट्ट बसते. रात्रभर वाळू द्या. बाहेर राहिलेले टोक मोडून काढण्याचा मोह होईल. मोडले तर ते पृष्ठभागाच्या खालून तुटते आणि पुन्हा खड्डा. धारदार पटाशीने, बाहेरून पेटीच्या आतल्या दिशेने, पापुद्रे काढत सपाट करा. मग २२० नंबरचा पॉलिशपेपर.

या कलेला कमी समजू नये. प्राचीन इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मीळ होते, मोठ्या फळ्यांसाठी लेबनॉनहून देवदार आणावा लागे. तिथले सुतार स्थानिक झाडांचे वेडेवाकडे तुकडे जोडून, गाठी आणि फटींच्या जागी नेमकी ठिगळे बसवून शवपेट्या करत. ती ठिगळे आजही संग्रहालयांत जागेवर आहेत.

फट पाव मिलिमीटरच्या आतली असेल तर कपचीचीही गरज नाही. दाताच्या डोक्यावर गोल तोंडाच्या हातोडीने अगदी हलके ठोके दिले, की आडव्या कापाचे तंतू बाजूला पसरतात आणि फट मिटते. ठोक्यांच्या खुणा रंध्याच्या एका हातात जातात. हे पॉलिशच्या आधी करायचे काम. पुढच्या पेटीच्या वेळी लक्षात ठेवा.

पुढच्या पेटीबद्दल आणखी एक. फळ्या कापून आणल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकीचे वजन करा आणि आठवड्याने पुन्हा करा. वजन घटत असेल तोवर सांधे कापू नका. कोकणातल्या पावसाळ्यात ते घटणार नाहीच, वाढेल. म्हणून विदर्भात जायची पेटी चिपळूणला फेब्रुवारीनंतर करावी. भाऊबीजेला ती थोडी शिळी होईल, चालेल.

प्रश्न : मी पेटीचे कोपरे ४५ अंशांत कापून जोडले. आतून सांधा पक्का मिटला आहे, बाहेरच्या टोकाला मात्र फट राहिली. मशीनवर कोन बरोबर दाखवत होता. हेही हवामानामुळेच का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, हा कोन चुकला. लाकूड सुकून तिरपा सांधा उघडतो तेव्हा फट आतल्या बाजूला पडते, कारण फळीची जाडी कमी होते आणि लांबी तशीच राहते. १२ मिलिमीटर जाडीत तो फरक इतका किरकोळ असतो, की डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून फट आणि आतून मिटलेले याचा अर्थ दोन्ही काप मिळून ९० अंशांपेक्षा थोडे जास्त भरतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला तरी १२ मिलिमीटर फळीच्या १७ मिलिमीटर तिरप्या कापावर सुमारे ०.३ मिलिमीटर फट पडते. मशीनच्या चकतीवरच्या खुणांवर अर्ध्या अंशासाठी विश्वास ठेवू नये. दोन तुकडे कापून एकमेकांना लावावेत आणि गुण्या धरून पाहावे.

झालेल्या फटीसाठी स्क्रूड्रायव्हरची गोल, गुळगुळीत दांडी कोपऱ्याच्या धारेवर आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने दाबून घासा. धारेवरचे तंतू आतल्या दिशेने वळतात आणि फट झाकली जाते. कोपरा किंचित गोलसर होतो, हाताला तो बराही लागतो. तिरप्या सांध्यात दोन्ही बाजूंनी आडव्या कापाचा अंश असल्याने गोंद शोषला जातो आणि सांधा कमजोर राहतो. म्हणून कोपऱ्यावर करवतीने दोन-तीन आडव्या चिरा पाडून त्यांत शिसवीच्या पातळ पट्ट्या बसवा. सांध्याला बळ येते, आणि बघणाऱ्याचे लक्ष त्या काळ्या पट्ट्यांकडे जाते.

प्रश्न : घरात पणजोबांच्या वेळची लाकडी पेटी आहे. सांधे ढिले झालेत, फटींतून उजेड दिसतो. फेविक्विक सोडले तर चालेल का? पातळ असल्याने आतपर्यंत जाईल असे वाटते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जाईल खरे, आणि मग कधीच निघणार नाही. त्या काळातली पेटी बहुधा सरसाने जोडलेली असेल. पांढरा गोंद आपल्याकडे घरोघरी पोचला तो फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आल्यानंतर. सांध्यातून बाहेर आलेल्या जुन्या थेंबावर कोमट पाण्याचे बोट घासून पाहा. तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थेंब चिकट झाला तर तो सरस. मग काम सोपे आहे. नवा गरम सरस जुन्या सरसाला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, त्यामुळे सगळे खरवडत बसावे लागत नाही. सरसाचे दाणे थंड पाण्यात भिजवून फुगू द्या आणि ते भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवा. थेट आचेवर ठेवलात तर त्याचा जोर जातो आणि घरभर वास सुटतो. सांध्यांत गरम पाण्याचे फडके फिरवून सरस ब्रशने भरा आणि लगेच पेटीला दोरी गुंडाळून, दोरीत काडी घालून पीळ भरा. कोपऱ्यांवर दोरीखाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, नाहीतर वळ उठतील. पीळ भरण्यापूर्वी दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे करून घ्या. सरस निवायला लागल्यावर पेटी चौकोनात आणता येत नाही. दोरी दुसऱ्या दिवशी सोडा.